ब्राउझरचं माजघर

२००६ च्या मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सनीव्हेलला आले. आईला स्वयंपाकघर आणि नातवंडं मिळाली, ती रमली. बाबांचं मात्र पहिल्याच आठवड्यात अडलं. सकाळचा चहा आहे, पण सोबत पेपर नाही. मी त्यांना जुना लॅपटॉप दिला, फायरफॉक्स उघडून दिला आणि मराठी मजकुराची चार-पाच पानं दाखवून मोठ्या रुबाबात ऑफिसला गेलो. संध्याकाळी परतलो तर बाबा चष्मा कपाळावर चढवून बसलेले. "अरे, हे मराठी कुणी छापलंय? 'शक्ती'तला क एकीकडे, त एकीकडे, आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर!"

बघितलं तर खरंच. विंडोज एक्सपीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची खूण करायची, विंडोजची सीडी शोधायची, ती घालायची आणि मशीन पुन्हा चालू करायचं, हा उपाय तेव्हा परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत कुणाला ना कुणाला पाठ होता. तो केला आणि बरीचशी पानं सुधारली. पण काही पानं तशीच राहिली. बाबांनीच निरीक्षण केलं. (पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कागद वाचलेला माणूस!) ज्या पानांवर मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत बसवलेला आहे, त्याच पानांवर जोडाक्षरं फुटतात. डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळा असला की अक्षरं नीट. फायरफॉक्सच्या त्या वेळच्या आवृत्तीतला तो दोषच होता.

मग यावर इलाज? 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'ची सगळी पानं मी पालथी घातली. तिथे काही नव्हतं. आणि इथून मी ब्राउझरच्या माजघरात शिरलो. (ब्राउझरला काहीजण 'न्याहाळक' म्हणतात. शब्द छान आहे, पण आमच्या घरात कुणी तो वापरत नाही, म्हणून मीही ब्राउझरच म्हणतो.) वाड्याच्या ओसरीवर पाहुण्यांना बसायला सतरंजी असते, तसा ऑप्शन्सचा तो छोटा चौकोन. मागे अंधारं माजघर आहे, तिथे फडताळंच फडताळं आहेत आणि कुठल्या फडताळात काय आहे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत. ते तसं का झालं याचा शोध घ्यायला लागलो, तेव्हा कळलं की ही सगळी गोष्ट आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर, शेजारच्या माउंटन व्ह्यू गावात घडली आहे.

१९९४ च्या एप्रिलमध्ये जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांनी तिथे एक कंपनी काढली. अँड्रीसन हा इलिनॉय विद्यापीठात एरिक बिनाबरोबर 'मोझेक' नावाचा ब्राउझर लिहिणारा मुलगा. नव्या कंपनीचं नाव आधी मोझेकवरूनच होतं, ते त्याच वर्षी बदलून नेटस्केप झालं. १९९४ च्या डिसेंबरात त्यांचा पहिला पूर्ण ब्राउझर बाहेर पडला आणि ९ ऑगस्ट १९९५ ला कंपनीचा शेअर बाजारात आला. २८ डॉलरचा शेअर संध्याकाळी ५८ च्या वर बंद झाला. आपल्यापैकी कितीतरी जण इथे येऊ शकले ते त्यानंतर आलेल्या लाटेत, हे वेगळं सांगायला नको.

नेटस्केपच्या पोरांनी गंमत म्हणून एक सोय ठेवली होती. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट' लिहून पुढे विसर्गासारखी दोन टिंबं दिली की ब्राउझर स्वतःबद्दल काहीतरी दाखवायचा. पुढे 'मोझिला' लिहिलं की बायबलच्या थाटातला एक विनोदी उतारा यायचा. 'प्लगइन्स' लिहिलं की जोडलेल्या प्लगइनची यादी यायची. घरच्या लोकांचे घरच्या लोकांसाठी केलेले हे चोरदरवाजे होते. आपण ज्या माजघराबद्दल बोलतोय त्याचा दरवाजाही याच पद्धतीचा आहे, हे लक्षात ठेवा.

नेटस्केपची चौथी आवृत्ती १९९७ साली आली तोवर तिची सगळी सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलीत राहू लागली होती. तिचं नाव 'प्रेफ्स.जेएस'. एका ओळीवर एक नाव आणि त्याची किंमत. फाइलीच्या डोक्यावर मात्र ठसठशीत सूचना होती, ही फाइल आपोआप तयार झालेली आहे, हिच्यात फेरफार करू नका. म्हणजे खटके होते, पण हात लावायचा नाही. ही नावं कुणालाच सांगितली नव्हती असं मात्र नाही. मोठ्या कंपन्यांत हजारो कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांसाठी नेटस्केपकडे 'मिशन कंट्रोल' नावाचं अवजार होतं. त्याने एखादं सेटिंग सगळ्या मशीनांवर पक्कं करता येई, अगदी कुलूप लावून. ज्ञान होतं, पण ते गिऱ्हाइकासाठी होतं, वापरणाऱ्यासाठी नव्हतं. मला या सगळ्या कथेची सुरुवात इथे दिसते.

२२ जानेवारी १९९८ ला नेटस्केपने जाहीर केलं की आम्ही ब्राउझरचा मूळ कोड जगाला खुला करणार, आणि ३१ मार्चला तो केलाही. मोझिला प्रकल्प त्यातूनच जन्मला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एओएलने नेटस्केप विकत घ्यायचं जाहीर केलं. जुना कोड टाकून जवळजवळ सगळं नव्याने लिहिलं गेलं. जून २००२ मध्ये मोझिला १.० आला तेव्हा त्यात ब्राउझर, ईमेल, पानं तयार करायचं साधन असं एकत्र कुटुंब होतं आणि सेटिंगच्या खोल्याही तितक्याच. कोड खुला झाल्यामुळे प्रत्येक नव्या सेटिंगचं नाव आता कुणालाही वाचता येत होतं. फक्त ते वाचायला कोड वाचता यायला हवा होता! 'ऑल.जेएस' नावाच्या फाइलीत प्रोग्रॅमर आपापल्या ओळीशेजारी कधी एका वाक्याची टीप लिहीत, कधी नुसतंच सेटिंग टाकून पुढे जात. तीच मॅन्युअल.

मग सप्टेंबर २००२ मध्ये ब्लेक रॉस, डेव्ह हायट आणि त्यांच्या काही सोबत्यांनी या एकत्र कुटुंबातून वेगळं बिऱ्हाड केलं. नाव फिनिक्स. एप्रिल २००३ मध्ये ते फायरबर्ड झालं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ब्राउझर तुमच्या-माझ्या आईला वापरता यायला हवा. तिला शंभर चौकटींवर खुणा करायला लावू नका. म्हणून त्यांनी ऑप्शन्सचा पसारा आवरला. आवरला म्हणजे काय, दिवाळीच्या आदल्या दिवशी आपण घर आवरतो तसा. फेकलं फारसं काही नाही, सगळं मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. त्या मागच्या खोलीचा पत्ता 'अबाउट:कॉन्फिग'.

तो पत्त्याच्या पट्टीत लिहिला की एक लांबच लांब यादी उलगडायची. शेकडो ओळी. चार रकाने होते, नाव, स्थिती, प्रकार आणि किंमत. पाचवा रकाना, 'हे कशासाठी', नव्हताच. नावावरून अर्थ लावायचा. आता 'ब्राउझर.सेशनहिस्टरी.मॅक्स_टोटल_व्ह्यूअर्स' या नावावरून तुम्ही काय समजाल? आणि त्याची किंमत उणे एक? नोव्हेंबर २००५ मध्ये फायरफॉक्स १.५ आला तेव्हा मागचं पान चटकन दाखवता यावं म्हणून पाहिलेली पानं मेमरीत जपून ठेवायची सोय झाली, तिचा हा खटका. उणे एक म्हणजे 'मशीनची मेमरी बघून तूच ठरव'. फायरफॉक्स मेमरी खातो म्हणून तेव्हा खूप ओरड होती. ज्यांना हा खटका माहीत होता ते शून्य लिहून मोकळे होत. बाकीचे शिव्या देत.

सगळ्यात गमतीचं म्हणजे, अधिकृत म्हणावी अशी एक पाटी होती. फायरफॉक्सच्या त्या काळच्या प्रेफ्स.जेएस फाइलीच्या माथ्यावर लिहिलेलं असे की, हाताने बदल करायचा असेल तर अबाउट:कॉन्फिगमध्ये जा, आणि अधिक माहिती मोझिलाच्या अमुक पानावर आहे. ते पान होतं युनिक्स वापरणाऱ्यांसाठीचं! विंडोजवर फायरफॉक्स चालवणाऱ्या लक्षावधी लोकांच्या फाइलींत हीच पाटी होती. दादर स्टेशनात उतरलेल्या माणसाला कल्याणचा नकाशा द्यावा तसं.

यात कुणाचा दुष्ट हेतू होता असं मला वाटत नाही. १५ जुलै २००३ ला मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि त्याच दिवशी एओएलने नेटस्केपची उरलीसुरली ब्राउझर-मंडळी घरी पाठवली. फाउंडेशनला एओएलने वीस लाख डॉलर दिले खरे, पण माणसं मूठभर. २००४ मध्ये एओएलने नेटस्केपचं 'डेव्हएज' हे ठिकाणही बंद केलं. प्रोग्रॅमरांसाठी वर्षानुवर्षं लिहिलेले संदर्भग्रंथ तिथे होते, ते एका रात्रीत दिसेनासे झाले. मोझिलाने एओएलशी बोलणी करून ते लेख मिळवले आणि २००५ मध्ये त्यांच्या आधारावर आपलं डेव्हलपर सेंटर उभं केलं. वेबपानं लिहिणाऱ्यांची सोय तिथे झाली. मागच्या खोलीतल्या खटक्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. शिवाय एक अडचण अशी की लिहून ठेवलं म्हणजे वचन दिल्यासारखं होतं. आज एखादा खटका समजावून सांगितला आणि उद्या तो काढून टाकला, तर लोक विचारणार, का काढला? न सांगितलेली गोष्ट निमूट काढता येते.

तरी करायचं ठरवलं तर जमत होतं, याचा पुरावा शेजारीच होता. नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरलाही अशी लांबलचक सेटिंगची फाइल होती, आणि तिच्यातल्या ओळींचा अर्थ सांगणारं पान कंपनीने स्वतः ठेवलं होतं. आपल्याकडे साधा मिक्सर घेतला तरी चार भाषांतली पुस्तिका खोक्यात असते. न वाचता आपण ती कपाटात टाकतो ही गोष्ट निराळी.

फायरफॉक्सची पुस्तिका शेवटी लिहिली ती हौशी लोकांनी. १९९८ पासून मोझिलाच्या बातम्या देणारं 'मोझिलाझाइन' नावाचं स्वयंसेवकांचं ठिकाण होतं. तिथे फायरफॉक्सच्या सुरुवातीच्या वर्षांत एक ज्ञानकोश उभा राहिला. कुणी कोड वाचून, कुणी खटका दाबून काय होतं ते पाहून, एकेका सेटिंगवर एकेक पान लिहिलं. मूळ किंमत काय, बदलली तर काय होतं, कुठल्या आवृत्तीपासून आहे. पगार नाही, नाव नाही. जुन्या काळी पोथ्यांच्या नकला उतरवून ठेवणाऱ्यांची मला त्यावरून आठवण होते.

आणि नकला म्हटल्या की चुकाही आल्या. फायरफॉक्सचा वेग वाढवायची एक पाककृती २००४-०५ च्या सुमारास सगळीकडे फिरत होती. 'नेटवर्क.एचटीटीपी.पाइपलायनिंग' चालू करा, म्हणजे ब्राउझर एका उत्तराची वाट न पाहता पुढची मागणी धाडतो. एका वेळी किती मागण्या, तर तीस लिहा. शिवाय पान रंगवायला सुरुवात करण्याआधीचा पाव सेकंदाचा थांबा शून्य करा. मीही हे इमानेइतबारे केलं, चार मित्रांना करून दिलं आणि वेग वाढला असं सगळ्यांना वाटलंसुद्धा. ज्ञानकोशातलं पान वाचलं तेव्हा कळलं की कोडातच आठची मर्यादा होती. तीस लिहा की तीनशे, ब्राउझर आठच धरायचा! आणि थांबा शून्य केला की पान दिसायला लवकर लागतं, पण पुरं व्हायला उलट जास्त वेळ लागतो. पाइपलायनिंग मुळात बंद ठेवलं होतं कारण काही सर्व्हरना ते झेपत नसे, उत्तरांची सरमिसळ व्हायची. आमच्याकडे एका दुकानाच्या पानावर पैठणीच्या जागी प्रेशर कुकर दिसायला लागला, तेव्हा बायकोने मला ते सगळं पूर्ववत करायला लावलं. हे पाइपलायनिंग फायरफॉक्समधून २०१७ साली काढूनच टाकलं गेलं. तीसचा आकडा मात्र तोवर कुठे कुठे पोचला होता कोण जाणे.

आता बाबांच्या जोडाक्षरांकडे येतो. तो खटका तर त्या यादीतही नव्हता, आणखी आतल्या खोलीत होता. फायरफॉक्स प्रत्येक वापरणाऱ्यासाठी एक फोल्डर करतो. त्याच्या नावात सुरुवातीला आठ अर्थहीन अक्षरं असतात, म्हणजे चोरट्या प्रोग्रॅमला ते सहज सापडू नये. ते ज्या 'ॲप्लिकेशन डेटा' फोल्डरात, तो विंडोजने लपवलेला. त्याच्या आत 'क्रोम' नावाचा फोल्डर. (गूगलचा ब्राउझर यायला अजून दोन वर्षं होती. तेव्हा क्रोम म्हणजे ब्राउझरची चौकट, बटणं वगैरे.) त्यात दोन नमुना फाइली ठेवलेल्या असायच्या. त्यातल्या 'युजरकंटेंट'च्या नमुन्यात चार ओळींची टीप होती की हिची नक्कल करा, नाव बदला, आणि इथे लिहाल ते प्रत्येक वेबपानाला लागू होईल. चोरासाठी लपवलेलं, पण घरधन्यालाही न सापडणारं!

मी तिथे एकच ओळ लिहिली, की कुठल्याही पानावरचा मजकूर दोन्हीकडून ताणू नका, डावीकडेच लावा. ब्राउझर बंद करून उघडला. 'शक्ती' जुळली. बाबांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "हं. आता हे मला लिहून दे."

मी म्हटलं, लिहून कशाला, झालं की आता. तर म्हणाले, "झालं ते तुझ्या घरी. मी नोव्हेंबरात साताऱ्याला जाणार. तिथे कोण करून देणार? तू फोनवर सांगशील आणि मी काय ऐकेन!" मग त्यांनी स्वतःच दुरेघी वही काढली. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. 'प्रथम लपविलेले फोल्डर दिसतील असे करणे.' 'आठ अक्षरे प्रत्येक यंत्रावर निराळी असतात, घाबरू नये.' एकूण अकरा पायऱ्या झाल्या, समासात तारीख आणि खाली सही. साताऱ्यात पोचल्यावर त्यांनी त्या वहीवरून स्वतःच्या मशीनवर ते केलं. त्यानंतर शेजारच्या दोन निवृत्त मंडळींच्या मशीनवरही केलं, आणि तिसऱ्याला वहीची झेरॉक्स दिली.

१७ जून २००८ ला फायरफॉक्स ३ आला. एका दिवसात ८० लाखांवर प्रती उतरवून घेतल्या गेल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. आमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे मजकूर काढायची सगळी यंत्रणा बदलली होती आणि जोडाक्षरं ताणलेल्या ओळीतही शाबूत राहत होती. याच आवृत्तीत अबाउट:कॉन्फिगच्या दारावर एक पाटी लागली, 'यामुळे तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते!' आणि खाली बटण, 'मी काळजी घेईन, शप्पथ!' फुकट मिळालेल्या वस्तूची कसली वॉरंटी? विनोद आहे हे इंग्रजी मुरलेल्याला कळतं. माझ्या साताऱ्यातल्या एका काकांनी मात्र ती पाटी वाचून कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन केला होता. अर्थ सांगणारा रकाना तेव्हाही नव्हताच, धाक घालणारी पाटी तेवढी आली. त्याच सप्टेंबरात आलेल्या गूगल क्रोमनेही पुढे आपल्या प्रायोगिक सेटिंगवर 'सांभाळा, हे चावू शकतात' अशी पाटी लावली, पण प्रत्येक सेटिंगपुढे ओळ-दोन ओळी माहिती तरी दिली.

नंतरचं थोडक्यात. २०१३ मध्ये मोझिलातल्याच ॲलेक्स लिमी यांनी लेख लिहून विचारलं की ज्या खुणेने अख्खं वेब मोडल्यासारखं दिसतं, ती खूण ऑप्शन्समध्ये ठेवायचीच कशाला? ऑगस्टमधल्या फायरफॉक्स २३ मधून जावास्क्रिप्ट बंद करायची चौकट ओसरीवरून उठली, खटका माजघरात राहिला. लिमींचं म्हणणं मला बरंचसं पटतं. उचलून ठेवण्याला माझी हरकत नाही, कुठे ठेवलं ते न सांगण्याला आहे. २०१९ मध्ये ब्राउझरचं रूप बदलणाऱ्या त्या 'क्रोम' फोल्डरातल्या फाइली न वाचणं हा मूळ नियम झाला. वाचायला हव्या असतील तर अबाउट:कॉन्फिगमध्ये आणखी एक खटका! त्याच वर्षाअखेर ती यादीही नव्याने रंगवली गेली. आज तिथे काही हजार ओळी आहेत. 'हे कशासाठी' लिहिलेलं आजही नाही. कोडात आता प्रत्येक नव्या सेटिंगशेजारी टीप असावी असा प्रघात पडतो आहे, पण ते कोडात.

गेल्या वर्षी साताऱ्याचं घर आवरताना बाबांची वही सापडली. अकरा पायऱ्यांवर लाल शाईची एक तिरपी रेघ होती आणि कोपऱ्यात त्यांच्या कचेरीच्या अक्षरात, 'आवृत्ती तीनपासून आवश्यकता नाही. रद्द. जुलै २००८.' पुढच्या पानावर नवीन मथळा होता, 'अक्षर मोठे करणे', आणि पायरी एक.